क्लिप-ऑन हँडल आणि दुखणारी मनगटं: स्पोर्ट गाडी आपल्या हाताला कशी बसवायची

दिवाळीनंतर भाचा गाडीवर महेश्वरला जाऊन आला. महूवरून जाम दरवाजा, तिथून घाट उतरून मंडलेश्वर, मग महेश्वर. संध्याकाळी इंदूरला, राजेंद्र नगरच्या घरी आला तेव्हा हेल्मेट काढायच्याही आधी दोन्ही हात झटकत होता. "मामा, घाटात करंगळी अन् तिच्या शेजारचं बोट बधिरच झालं. क्लच दाबलाय की नाही तेही कळेना." गाडी नवी, स्पोर्ट मॉडेल, हँडल खाली बसवलेलं. त्याचं मत तिथल्या तिथे पक्कं झालं होतं, उंच हँडल मागवायचं. मी म्हटलं, थांब. हँडल उंच करणं हे शेवटचं काम. आधी त्या हँडलवर तुझा भार का पडतो ते बघू.

पुढचे चार रविवार आम्ही त्याच गाडीवर काढले. त्यातलं जे कामाचं ठरलं ते क्रमाने सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण सुरुवातीच्या गोष्टींना पैसे लागत नाहीत आणि निम्मं दुखणं तिथेच जातं.

दुखतं कुठे ते आधी बघा

साध्या गाडीचं हँडल एक आडवी नळी असते आणि ती वरच्या टीवर, म्हणजे पुढच्या फोर्कच्या दोन्ही नळ्या जोडून धरणाऱ्या पट्टीवर, बसते. स्पोर्ट गाडीत दोन वेगळे तुकडे असतात. ते दोन्ही बाजूंच्या फोर्कच्या नळ्यांना कड्यासारखे आवळलेले असतात, म्हणून नाव क्लिप-ऑन. ते खाली आणि पुढे असल्यामुळे धड पुढे झुकतं आणि छातीचं वजन हातांवर यायला बघतं. मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना समोरचा वारा छातीला उचलून धरतो, म्हणून हायवेवर तितकं जाणवत नाही. पलासियाच्या सिग्नलवरून राजवाड्यापर्यंत रांगत जाताना वारा नाही, वर क्लच सारखा दाबायचा, म्हणून गावात जास्त दुखतं. घाट उतरताना तर उतार आणि ब्रेक दोन्ही मिळून माणसाला पुढे ढकलतात. भाच्याचे हात जाताना उतारावर गेले, येताना चढावर नाही, त्याचं कारण हेच.

भाच्याचे हातमोजे मी उजेडात धरून बघितले. तळहाताच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या बुडाशी, चामडं गुळगुळीत होऊन चमकत होतं. म्हणजे सगळं वजन त्या एका उंचवट्यावर पडत होतं. करंगळी आणि अनामिकेला जाणारी नस तिथूनच जाते. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर दाब मनगटाच्या मधोमध येतोय, मनगट वर किंवा खाली मोडलेलं आहे असं समजा. फक्त उजवं मनगट दुखत असेल तर एक्सिलेटर धरायची पद्धत बघा. मान आणि खांदे दुखत असतील तर कोपर ताठ आहेत. तुमचेही मोजे असेच उलटून बघा, ते खोटं बोलत नाहीत.

बसणं

गाडी मागच्या पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून गाडी सरळ धरणारा स्टँड) घ्या, नाहीतर कुणाला तरी सरळ धरायला सांगा. रोज बसता तसे बसा आणि बाजूने फोटो काढायला लावा. मग गुडघ्यांनी टाकी दाबून धरा आणि दोन्ही तळवे ग्रिपवरून दोन बोटं वर उचला. दहा सेकंद तसं राहता आलं पाहिजे. भाचा दुसऱ्याच सेकंदाला पुढे पडला. म्हणजे आजवर तो हातांवर रेलून बसत होता.

तीन गोष्टी सुधारल्या. एक, टाकी आणि आपल्यामध्ये मूठभर जागा सोडून मागे बसायचं. स्पोर्ट गाडीची सीट पुढे उताराची असते, माणूस घसरत टाकीला चिकटतो आणि मग हात अवघडतात. दोन, चवडे फूटरेस्टवर आणि गुडघे टाकीवर. वजन मांड्यांनी आणि पोटाच्या स्नायूंनी पेलायचं. टाकी गुळगुळीत असेल तर दोन्ही बाजूंना रबरी पॅड चिकटवा. माझ्या मते या सगळ्या कामात पैशाच्या मानाने सर्वांत जास्त फरक पाडणारी वस्तू तीच. तीन, कोपर थोडे वाकलेले आणि बाहेर. वाकलेला कोपर खड्ड्याचा दणका स्वतः घेतो, ताठ कोपर तो थेट मानेकडे पाठवतो.

मागच्या शॉकअपचं सेटिंगही बघा. कुणीतरी डबलसीटसाठी ते कडक करून ठेवतं आणि नंतर विसरतं. एकट्याच्या वजनाला मागची बाजू मग उंच राहते, पुढची तुलनेने खाली जाते आणि तेवढा भार मनगटावर वाढतो. शॉकअपवरचं कडं फिरवायला बऱ्याच गाड्यांबरोबर पाना मिळतो. एक-दोन घर सैल करून फरक बघा, फार सैल करू नका.

लिव्हरचा कोन: इथे घाई करू नका

कारखान्यातून लिव्हर साधारण आडवी येते. झुकून बसलेल्या माणसाचा हात मात्र वरून खाली उतरत येतो. आडव्या लिव्हरवर बोटं ठेवायची तर मनगट मागे मोडावं लागतं, आणि असं मोडलेलं मनगट दिवसातून शंभर वेळा क्लच ओढतं.

सोय अशी लावायची. लिव्हरचे दोन बोल्ट इतकेच सैल करा की हाताने जोर लावला तर ब्रॅकेट फिरेल, पण आपोआप पडणार नाही. नेहमीसारखे बसा. डोळे मिटा, तळवे ग्रिपवर ठेवा, बोटं सरळ समोर पसरा. बोटं नैसर्गिक जिथे जातात तिथे लिव्हर यायला हवी. कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत एक सरळ रेघ दिसली पाहिजे. बाजूने बघणाऱ्याला फूटपट्टी धरायला सांगा. भाच्याच्या गाडीत क्लचचं टोक जेमतेम दोन बोटं खाली आलं, आणि हात ठेवताच तो म्हणाला, "अरे, हे तर वेगळंच आहे." एवढं काम एका एलन कीने आणि दहा मिनिटांत होतं.

ब्रेकच्या बाजूला एक काळजी. ब्रेक ऑइलची डबी लिव्हरलाच जोडलेली असेल तर ब्रॅकेट फिरवल्यावर ती तिरकी होते. ती जवळपास समतल राहिली पाहिजे, नाहीतर ऑइल कमी झाल्यावर हवा आत ओढली जाऊ शकते. डबी वेगळी, नळीने जोडलेली असेल तर हा प्रश्न नाही. ब्रॅकेटवर वरची बाजू दाखवणारी खूण असेल तर ती वरच ठेवा आणि वरचा बोल्ट आधी आवळा, मग खालचा. हे बोल्ट लहान असतात आणि बसतात ॲल्युमिनियममध्ये. जोर लावून आवळाल तर आटे निघतील.

मग अंतर. ब्रेक लिव्हरवर आकडे असलेली चकती असेल तर ती फिरवून लिव्हर इतकी जवळ आणा की बोटाचं पहिलं पेर तिच्यावर आरामात टेकेल. पूर्ण दाबल्यावर लिव्हर ग्रिपला लागता कामा नये. क्लचला टोकाशी साधारण १० ते १५ मिमी मोकळा प्ले, म्हणजे वायर ताणण्याआधीची ढील, लागतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मालकाच्या पुस्तिकेत असतो, तोच धरा. प्ले अजिबात ठेवला नाही तर क्लच घसरत राहतो आणि प्लेटा जळतात.

क्लच जड असेल तर हँडल कितीही उंच करा, हात दुखणारच. वायर लिव्हरपासून सोडवा. पुस्तिकेत तेल घालू नका असं लिहिलेलं नसेल तर वायरच्या तोंडाला लहान प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा रबरबँडने घट्ट बांधा, त्यात दोन चमचे हलकं तेल ओता आणि वायर रात्रभर उभी लटकत ठेवा. खाली वर्तमानपत्र. सकाळी दुसऱ्या टोकातून काळं तेल थेंबाथेंबाने उतरलेलं दिसेल. वायरीचे तार तुटून केस निघाले असतील तर तेल नको, नवी वायरच घाला.

ग्रिप आणि हादरा

एका सिलिंडरच्या इंजिनाचा हादरा ठरावीक आरपीएमला हँडलमध्ये जास्त येतो. हँडलच्या टोकाला असलेलं लोखंडी वजन तो हादरा कमी करायलाच असतं. पुष्कळ मुलं ते काढून हलकी रंगीत टोकं लावतात आणि मग बोटं मुंग्यांनी भरतात. मूळ वजन परत लावा, किंवा थोडं जड लावा. उजव्या बाजूला एक बघा, एक्सिलेटरची ग्रिप आणि टोक यांच्यात एक-दोन मिमी फट हवी. ग्रिप टोकाला घासली तर एक्सिलेटर परत येताना अडकेल, आणि ती गंमत नाही.

जाड ग्रिप सगळ्यांना सोसत नाही. लहान हाताच्या माणसाला ती आवळून धरावी लागते आणि पुढचा हात भरून येतो. ग्रिपभोवती बोटं मिटल्यावर अंगठा बोटाच्या पेराला सहज लागत असेल तर जाडी ठीक. स्पंजची बाही पावसात पाणी पिते, म्हणून मला ती पसंत नाही. मऊ रबराची ग्रिप बरी. डावी आणि उजवी ग्रिप आतून वेगवेगळ्या मापाची असते. डावीकडे नळी २२ मिमी, उजवीकडे एक्सिलेटरचा प्लॅस्टिक पाइप असल्यामुळे भोक मोठं. डावी ग्रिप घट्ट चिकटलेली हवी, हातात फिरणारी ग्रिप घाटात जीवावर बेतेल.

एवढं झालं की पंधरा दिवस गाडी चालवा. भाच्याचं बधिर होणं इथपर्यंत निम्म्याहून कमी झालं. तो उंच आहे, हात लांब आहेत, म्हणून राहिलेल्या दुखण्यासाठी आम्ही पुढे गेलो. तुमचं इथेच थांबलं तर पुढचा खर्च करू नका.

हँडल उंच करणं

आधी आहे त्या क्लिप-ऑनला काही वाव आहे का बघा. काहींना टीमध्ये बसणारी पिन किंवा खाच असते. ती त्यांना फिरू देत नाही, आणि पिन घासून वाव काढायचा नाही. काहींना थोडा वाव असतो. टोकं दोन-तीन अंश बाहेर उघडली तरी मनगटाचा मुरडा कमी होतो.

एक युक्ती सांगणारे भेटतील: फोर्क टीमधून वर सरकव आणि वर निघालेल्या नळीवर क्लिप-ऑन चढव. हे करू नका. फोर्क वर सरकवला म्हणजे गाडीचं नाक खाली गेलं. वळणावरचा तिचा स्वभाव बदलतो, मडगार्ड आणि रेडिएटरमधलं अंतर कमी होतं. कारखान्यातूनच टीच्या वर पुरेशी नळी निघालेली असेल तर गोष्ट वेगळी.

नीट मार्ग म्हणजे उंची दिलेले क्लिप-ऑन. त्यात आवळायचं कडं खालीच राहतं आणि नळी २० ते ५० मिमी वर उचललेली असते. माझं स्पष्ट मत, २० ते ३० मिमीच्या पुढे जाऊ नका. तेवढ्यात मनगटाला आराम मिळतो आणि बहुतेक वायरी पुरतात. त्याच्या पुढे वायर, ब्रेक पाइप, वायझर (समोरची काच) सगळंच बदलत जातं. भाच्याला आम्ही २५ मिमी दिलं.

मागवण्याआधी माप घ्या. इथे खूप जण फसतात. कंपनीच्या माहितीपत्रात फोर्कचा जो आकडा असतो तो आतल्या चकचकीत नळीचा असतो. केटीएम आरसी ३९० ला ४३ मिमी, अपाचे आरआर ३१० ला ४१, यामाहा आर१५ च्या चौथ्या आवृत्तीला ३७. या तिन्ही गाड्यांचे फोर्क उलटे आहेत, म्हणजे जाड नळी वर. क्लिप-ऑन त्या जाड नळीला आवळतो आणि तिचं माप आकड्यापेक्षा बरंच मोठं असतं. व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) घ्या, कडं जिथे बसतं नेमकं तिथे मापा, दोन्ही बाजूंना दोनदा. कडं अर्धा मिमी मोठं असलं तरी त्याची फट पूर्ण मिटते आणि बोल्ट कितीही आवळला तरी पकड येत नाही.

सांवेर रोडच्या कारखान्यांत लेथवाले पुष्कळ आहेत आणि हात चांगला असलेले आहेत. मिमी-मिमीचा वायसर किंवा हँडलच्या टोकाचं वजन त्यांच्याकडून खुशाल करून घ्या. पण हँडल स्वतः बनवून घेऊ नका, जुन्याला तुकडा जोडून वेल्डिंग तर कधीच नाही. जोडाशेजारचा धातू कमकुवत होतो आणि तो मोडतो ब्रेक मारताना, कारण जास्तीत जास्त जोर तेव्हाच असतो.

बसवण्याची पद्धत. पुढचं चाक जमिनीवर, मागे पॅडॉक स्टँड, टाकीवर जाड चादर, कारण ब्रेक ऑइलचा एक थेंब रंग खातो. टीच्या वर फोर्क किती निघालाय ते मापून लिहून ठेवा, दोन्ही बाजू. क्लिप-ऑन वरच्या टीच्या खाली असेल तर वरची टी काढावी लागेल. अशा वेळी खालच्या टीचे बोल्ट हलवू नका, फोर्कला त्यांनीच धरलेलं असतं. मधल्या मोठ्या नटाखाली बेअरिंगची गोल चकती दिसेल, तिलाही हात लावू नका. स्विचच्या डब्यांच्या आत एक लहान खुंटी असते, ती नळीच्या भोकात बसते. नव्या नळीला भोक नसेल तर योग्य जागी पाडून घ्या, खुंटी तोडू नका. ती नसेल तर एक दिवस एक्सिलेटरचा सगळा डबा हातात फिरेल. टी परत चढवताना फोर्कची लिहिलेली मापं जुळवा. कड्याचे दोन बोल्ट असतील तर आलटून पालटून थोडे थोडे आवळा, दोन्हीकडची फट सारखी राहील असे. शेवटचा जोर टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना), गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये किंवा क्लिप-ऑनच्या कागदावर दिलेल्या आकड्याला. अंदाजाने नाही.

कुलूप ते कुलूप: हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत

काही वर्षांपूर्वी मी माझ्या गाडीला उंच क्लिप-ऑन घरीच बसवले. सगळं सरळ ठेवून बघितलं, छान वाटलं. दुसऱ्या दिवशी खजुरी बाजाराच्या बाजूला गाडी वळवायला हँडल पूर्ण डावीकडे नेलं आणि गाडीने स्वतःच रेस घेतली. एक्सिलेटरची वायर ताणली जात होती. समोर भाजीची हातगाडी होती. क्लच वेळेवर दाबला गेला म्हणून निभावलं. नंतर मिस्त्रीने हँडल हळूच डावीकडे नेऊन दाखवलं, "भिया, देखो, वायर खिंच रहा है." चूक माझी होती. तेव्हापासून ही तपासणी केल्याशिवाय मी कुणाला फाटकाबाहेर जाऊ देत नाही.

इंजिन बंद ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. ग्रिप आणि टाकी यांच्यात अंगठा चेपणार नाही एवढी जागा हवी. लिव्हर, ऑइलची डबी, आरसा, फेअरिंगचा (गाडीच्या बाहेरच्या प्लॅस्टिकच्या आवरणाचा) काठ कुठेही टेकू नये. मग उघड्या जागी गाडी न्यूट्रलमध्ये चालू करा आणि पुन्हा दोन्ही टोकांना न्या. आवाज तसूभरही वाढता कामा नये. प्रत्येक टोकाला एक्सिलेटर थोडा उघडून सोडा, तो टक् आवाज करून परत गेला पाहिजे. आरसी ३९० सारख्या काही गाड्यांत वायरीऐवजी विजेची तार असते. तिथे रेस वाढणार नाही, पण ती तार ताणली जाते का ते बघा.

ब्रेक पाइपसाठी वेगळी नजर हवी. एबीएसच्या गाडीत लिव्हरपासूनचा पाइप फ्रेमवरच्या डब्याकडे जातो, म्हणून हँडल वळताना तो ताणतो का ते बघायचं. एबीएस नसेल तर तो थेट खाली चाकाजवळच्या कॅलिपरला (ब्रेकची चकती दाबणाऱ्या भागाला) जातो, आणि पुढचं चाक अधांतरी लोंबकळलं की फोर्क पूर्ण लांब होतो. पाइपवर खरा ताण तेव्हा येतो. चाक उचलून बघा. पाइप गिटारच्या तारेसारखा झाला असेल तर लांब पाइप घालावा लागेल. हे काम जाणत्या मिस्त्रीकडेच द्या. सांध्याचे वायसर दर वेळी नवे, डबीच्या झाकणावर लिहिलेल्या जातीचंच ऑइल, आणि हवा पूर्ण काढल्याशिवाय गाडी हलवायची नाही. लिव्हर मऊ लागली म्हणजे हवा राहिली.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधन घालतं. म्हणून मूळ क्लिप-ऑन, बोल्ट आणि टोकाची वजनं एका डब्यात जपून ठेवा. आर१५ ला त्याच इंजिनाच्या एमटी-१५ चं सलग हँडल चढवायचं का, असं मुलं विचारतात. त्यात टीपासून फेअरिंगपर्यंत सगळं बदलतं. ज्याला इतकं सरळ बसायचंय त्याने सरळ बसायची गाडी घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

महिनाभर सगळं नीट करूनही हात गाडीवरून उतरल्यावर तासन्‌तास बधिर राहत असेल, रात्री झोपेत मुंग्या येत असतील किंवा पकड ढिली वाटत असेल तर हँडल राहू द्या आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

पहिली फेरी घराजवळच, पाच किलोमीटर, हळू. हँडलची नवी उंची वळताना वेगळी जाणवते आणि मेंदूला एखादा दिवस लागतो. निघण्याआधी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून कड्यापर्यंत पांढऱ्या पेंटची बारीक रेघ ओढा. भाच्याने ती नेलपेंटने ओढली, चालतं. साधारण १०० किलोमीटर झाले की टॉर्क पाना परत लावा. त्यानंतर दर वेळी गाडी काढताना एक नजर पुरते. रेघ मोडलेली दिसली तर चावी खिशात, गाडी तिथेच.